तारा निघाल्या की

भडंगातला एक शेंगदाणा दातांखाली आला आणि माझा वरचा पुढचा दात हलला. बस्स, एवढंच झालं. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात, विश्रामबागेत, दुपारचे डबे झाकले की कुणी ना कुणी भडंगाची पुडी फोडतंच, आणि तारा लावलेल्या माणसानं भडंगाला हात लावायचा नसतो हे चार वर्षांत मला आरतीसारखं पाठ झालंय, तरी मी चिमूटभर घेतलं. दाणा चावला आणि दात जरासा मागं सरला, पुन्हा जागेवर आला. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला गोळी असते. शेजारच्या टेबलावरची स्वप्ना म्हणाली, "काय गं, खडा लागला?" मी नुसती मान हलवली, कारण तोंड उघडलं तर दात बाहेर येईल असं मला खरोखर वाटलं. मग दुपारभर प्रवेशाच्या रांगेतल्या पोरांना "पुढच्या खिडकीवर जा" एवढंच ओठांतल्या ओठांत सांगत राहिले आणि जिभेच्या टोकानं तो दात ढकलत राहिले. ढकलायचा नाही म्हणलं की जीभ तिथंच जायची. लहानपणी दात हलायला लागला की काय अप्रूप वाटायचं, शाळेत एकमेकींना हलवून दाखवायचो. अठ्ठाविसाव्या वर्षी कुणाला दाखवणार? आणि खरं सांगायचं तर दाताची भीती दुसऱ्या नंबरची होती. पहिली भीती ही, की दात हलतोय म्हणजे तारा आणखी लांबणार, आणि तारा लांबल्या की माझं लग्न लांबणार.

बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. येऊ दे. आमच्या घरात चार वर्षं एकच वाक्य चाललंय: संयोगिताच्या तारा निघाल्या की वीरधवलचं आणि तिचं उरकून टाकू. वीरधवल माझ्या आत्तीचा मुलगा, मिलिटरीत आहे. आत्ती म्हणजे पप्पांची थोरली बहीण, कोयनानगरला असते. तिचे यजमान, आमचे काका, धरणाच्या नोकरीत होते, ते वारल्यापासून त्या घरात तिचाच शब्द. आमच्याकडं आत्तीच्या मुलाला मामाची मुलगी द्यायची ही रीतच. नाही दिली तर लोक विचारतात, काय बिनसलं म्हणून. माझी आईसुद्धा अशीच आलेली. मनुबाई आज्जी, म्हणजे पप्पांची आई, तिच्या सख्ख्या भावाची मुलगी माझी आई. त्यामुळं आज्जी आईची आत्तीही होती आणि सासूही. "घरातली पोरगी घरात ऱ्हाती, उणंदुणं बाहेर जात न्हाई," असं आज्जी म्हणायची, आणि सगळे माना डोलवायचे, त्यात मीही असायची, कारण मला वीरधवल आवडायचा. उगाच कशाला लपवू. मे महिन्यात आम्ही पाटणजवळच्या गावी जमलो की तो उसाचं कांडं दातानं सोलायचा, कडाकडा, आणि सोललेले करवे माझ्या हातात द्यायचा, कारण मला दातानं सोलता यायचा नाही. माझे दात पुढं होते, ऊस त्यांच्या तावडीत यायचाच नाही. चुलत्या-मावश्या हसायच्या, "आत्तापासनंच बायकूला भरवतंय बघा," आणि तो लाल होऊन पळायचा. मी पळायची नाही. मी बसून ऊस खायची.

आत्तीनं मागणी घातली तेव्हा एकच म्हणणं मांडलं. "पोरगी देखणी हाय, कामाची हाय. दात तेवढं आत घ्या." त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, दात पुढं होतेच. पप्पांनी विचार केला, अंकिताचे पण वाकडे आहेत, दोघींचं एकदमच करून टाकू. अंकिता माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. त्याच डॉक्टरबाई, त्याच खुर्चीत एकीमागून दुसरी, तीच तार. दीड-दोन वर्षं लागतील म्हणाल्या. अंकिताच्या वर्ष-सव्वा वर्षात निघाल्या! तिचे दात असे सरकले, जसे काही वाटच बघत होते. आणि माझे बसले हटून. मग घरात माझी चौकशी सुरू झाली. तू तारांना अडकवायचे रबर लावत नसशील. तू चोरून काहीबाही चावत असशील. तू झोपेत दात खात असशील. मी रबर लावून झोपायचे, रबर लावून उठायचे, पेरूच्या फोडी चमच्यानं चेचून खायचे, आणि तरी आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची, "हिचं लक्षच न्हाई, अंकीचं बघा कसं झालं." हळूहळू मलाही वाटायला लागलं की मीच कुठंतरी चुकतेय. आरशासमोर उभी राहिले की मी दातांना शिव्या द्यायची. मनातल्या मनात, पण अस्सल सातारी.

वीरधवल सुट्टीवर आला की तारीख काढायची असं ठरलेलं असायचं. तो यायचा, आत्ती त्याच्याबरोबर सांगलीला यायची, चहा व्हायचा, आणि मग आत्ती माझ्याकडं न बघता म्हणायची, "दाव बघू." मी तोंड उघडायची. बाजारात बैलाचे दात बघतात ना, तसंच, फक्त बैलाला लाज वाटत नाही. "अजून हायतच व्हय," आत्ती म्हणायची, आणि तारीख पुढच्या सुट्टीवर जायची. तारा असताना करायला काय हरकत होती, असं कुणी विचारलं नाही. अल्बममध्ये तारा येतील, म्हणून. आयुष्यभर लोक अल्बम बघत बसणार होते जसे काही! वीरधवलचा फोन आला की आधी तोही तेच विचारायचा, "निघाल्या का?" "जेवलीस का" नाही, "बरी आहेस का" नाही. निघाल्या का. मी हसून म्हणायची, "तुझी बदली होईल, पण माझ्या तारा हलायच्या नाहीत." तो हसायचा. गेल्या वर्षभरात तो हसायचाही थांबला, आणि ते माझ्या लक्षात येऊनही मी लक्षात आलं नाही असं दाखवलं.

त्या दिवशी ऑफिस सुटल्यावर घरी न जाता मी सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी दोन बोटांत दात धरून हलवला. एक्स-रे काढला. पडद्यावर पहिला एक्स-रे आणि आजचा शेजारी शेजारी लावला. "ही मुळं बघ," त्या म्हणाल्या. दातांची मुळं अशी असतात हे मी पहिल्यांदाच नीट बघितलं. पहिल्या चित्रातसुद्धा ती आखूडच होती, आणि आजच्या चित्रात तर पेन्सिल तासून तासून उरावी तशी थोटकं. मी विचारलं, माझं काय चुकलं? त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "तार दात ओढते म्हणजे काय करते, दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवीन भरतं. ते किती वेगानं व्हायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि बरंचसं आईबापांकडून आलेलं असतं. काहींचं हाड पटापट जागा देतं. काहींचं देत नाही, आणि मग वर्षं लांबतात. वर्षं लांबली की मुळं झिजतात. तुझी मुळं जन्मापासूनच आखूड. यात तुझ्या हातात काही नव्हतं." हे शेवटचं वाक्य त्या अगदी साधं बोलल्या, नेहमीसारखं, आणि मला इतकं रडू आलं की मी खुर्चीतच तोंड झाकून घेतलं. चार वर्षं माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मला रडू दिलं. मग जरा वेळानं विचारलं, "घरात कुणाचे दात लवकर पडलेत? मी सुरुवातीलाच विचारलं होतं. तुझी आई म्हणाली होती, सासूबाईंचे पडले, पण ते मिशेरीनं."

हो, ते मला आठवत होतं. आई ठसक्यात म्हणाली होती, "आवं, मिशेरी लावायच्या त्या, दिवसातनं चार बारी. दात ऱ्हातील व्हय?" आणि डॉक्टरबाईही इथल्याच, त्यांनीही मान डोलावली. आमच्या भागात म्हातारीचे दात गेले की कारण विचारायची सोयच नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, तिची पूड करायची, बोटानं हिरड्यांना चोळायची, ओसरीवर बसून पचापचा थुंकायचं. दात गेले, मिशेरीनं गेले. आज्जीची आई, आज्जीच्या बहिणी, सगळ्या चाळिशीत बोळक्या. सगळं मिशेरीच्या डोक्यावर. त्या काळ्या पुडीखाली नेमकं काय चाललंय हे बघायची कुणाला गरजच पडली नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मिशेरी न लावणारं कुणी आहे का, ज्याचे दात गेले?" आणि मला आई दिसली. आई हसताना पदर तोंडावर घेते. लहानपणापासून मला वाटायचं, किती मर्यादेची आमची आई. तिच्या पुढच्या दातांपैकी तिचे स्वतःचे किती आहेत हे मला माहीतच नव्हतं. आई मिशेरीला शिवतही नाही, वासानंच तिला उलटी होते. मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, आज्जी आणि आई आत्या-भाच्या होत्या तेही. "म्हणजे तुला दोन्हीकडून आलं असेल," त्या म्हणाल्या. मग अंकिताला कसं नाही, मी विचारलं, आणि माझ्या आवाजात जळफळाट होता तो मलाच ऐकू आला. "सख्ख्या बहिणींची वाटणी सारखी नसते. आणि तिचं लवकर झालं म्हणजे तिची मुळं चांगलीच असा अर्थ नाही. तिलाही घेऊन ये, एक्स-रे काढू." मग त्यांनी निकाल सांगितला. आता ओढायचं नाही. तारा काढायच्या. दात थोडे पुढंच राहतील, मधे फट राहील, मागून एक बारीक तार कायमची चिकटवायची, जपून खायचं, म्हणजे हे दात बरीच वर्षं टिकतील. ओढत राहिलो तर टिकायचे नाहीत.

घरी आई भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिचा हात परातीत थांबला. पहिलं वाक्य काय म्हणाली? "वन्संस्नी काय सांगायचं आता?" मी म्हणाले, आई, माझे दात पडायला आलेत. ती म्हणाली, "व्हय गं, ऐकलं की. पर त्यांस्नी काय सांगायचं?" मग मी विचारलं, तुझे कशानं गेले? तिनं पदर वर घेतला, पिठाच्या हातानंच. "बाळंतपणात. पोर पोटात असलं की आईच्या हाडातलं वढून घेतं. समद्यांचंच जातंय." मी म्हणाले, "दोन पोरींत किती दात गेले गं?" हे फार लागेल असं बोलले मी. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती उलथलीही नाही. मग म्हणाली, "माझी आज्जी, माझी आत्ती, मी. आपलंच दात आन् आपलंच ओठ, कुणाला बोल लावायचा? लग्नाच्या पोरींची घरं हायत ही. असलं बोलत न्हाईत." पप्पा दारात येऊन उभे होते. ते एवढंच म्हणाले, "अक्काला कोण सांगणार?" मी म्हणाले, मी सांगते. मनात मला आशा होती. लग्न दातांशी नाही माझ्याशी करायचंय, असं वीरधवल म्हणेल. नाटकात म्हणतात तसं नाही, साध्या शब्दांत, पण म्हणेल. तेवढ्या एका वाक्यासाठी मी रविवारी कऱ्हाडला गाडी बदलून कोयनेला निघाले. पाटण सुटलं की रस्ता नदीला धरून वळायला लागतो, आणि प्रत्येक वळणावर मी ते वाक्य त्याच्या तोंडून वेगवेगळ्या तऱ्हेनं ऐकत होते. गाडीला खड्डा लागला की दात घट्ट मिटायचे नाहीत, हेही सांभाळत होते.

दार त्यानंच उघडलं. सुट्टीवर येऊन आठवडा झाला होता त्याला, मला कळवलं नव्हतं. "आलीस व्हय," म्हणाला, आणि आतल्या खोलीत निघून गेला. आत्ती स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिच्याजवळ बसून मी सांगितलं, सगळं, डॉक्टरबाईंनी सांगितलं तसं. मुळं आखूड, घराण्यातून आलेलं, तारा आता काढायच्या, दात असेच राहणार. ती ऐकत होती, बोटं तांदळात फिरत होती. मी म्हणाले, "आत्ती, हे मिशेरीचं नाही गं. मिशेरी न लावणाऱ्यांचं पण होतंय." तेव्हा तिनं सूप बाजूला सारलं. तोंडात बोट घातलं, आणि वरची कवळी काढून हातात धरली. भर दुपारी, खिडकीतून ऊन येत होतं, माझी इतकी नेटकी, ताठ आत्ती क्षणात शंभर वर्षांची झाली. ओठ आत गेले, नाक खाली आलं. ओल्या कवळीला दोन तांदूळ चिकटले होते. ती बोलली ते बोबडं, पण मला शब्द न् शब्द कळला. "मी कवा मिशेरी लावली का? तिसाव्या वर्साला हलाय लागलं. तुज्या काकानी बारा वर्सं तोंडाकडं बघितलं न्हाई माज्या." मग कवळी परत बसवली, ओठ पुसले, आणि पुन्हा माझी आत्ती झाली.

मला वाटलं, जिंकले. सगळ्या जगात माझं दुखणं हिलाच कळणार. मी तिचा हात धरला. तिनं सोडवला नाही, थोपटला. "म्हणून तर," ती म्हणाली. "म्हणून तर म्हणतो, माजं झालं ते माज्या नातवंडांचं नको. त्या तारांनी एक बरं केलं. कुणाचं रगत कसं हाय ते दावलं. अंकीचं वर्सात सरळ झालं, तुजं चार वर्सात न्हाई. ती आमच्यावर गेलेली न्हाई. वीराला अंकी करूया." डॉक्टरबाईंनी मला जे समजावलं ते आत्तीनं न शिकता ओळखलं होतं, फक्त निम्मं, आणि त्या निम्म्याची तिनं सोयरीक जुळवली होती. मी म्हणाले, लवकर निघाल्या म्हणजे अंकिताची मुळं चांगली असं नाही, एक्स-रे काढायला सांगितलाय. "ऱ्हाऊ दे की. कशाला नाय ते बघायचं." मग मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच आत्तीला अहो-जाहो केलं, "आणि तुमच्या मुलाचं काय? तो तुमच्याच पोटचा आहे. त्याचं रक्त कुणाचं?" आत्ती हसली. खरंच हसली, माझ्या बावळटपणाची कीव आल्यासारखी. "बाप्यामाणसाचं दात कोण बघतंय गं?" तेवढ्यात फळीवरची भांडी किणकिणली, जमीन किंचित थरथरली आणि थांबली. कोयनेत असल्या धक्क्याला कुणी मान वर करून बघत नाही. आत्तीनं सूप पुन्हा पुढं ओढलं. मी आतल्या खोलीच्या दाराकडं बघत होते. पडदा नुसता ओढलेला, चार पावलांवर पलंग. तो सगळं ऐकत होता. मोबाइलवर मॅच लावलेली, तिचा आवाज त्यानं बारीक केला होता. मोठा केला असता तरी मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "वीरा, तुझं काय म्हणणं आहे?" पलंग करकरला. तो म्हणाला, "आई सांगतीया तसं." बाहेर आला नाही.

मी घरी पोचायच्या आधी फोन पोचला होता. आई स्वयंपाकघरात बसून होती, रडून डोळे सुजलेले, पण त्यात सुटकाही होती, मी आईला ओळखते. संबंध तुटला नव्हता ना. अंकिता गच्चीवर कपडे काढत होती, तिथं मी तिला गाठलं. तिला सांगितलं, हे तुझ्यातही असू शकतं, त्याच्यातही असू शकतं, निदान एक्स-रे काढून घे. तिनं चादरीची घडी घालत विचारलं, "तुला वाईट वाटतंय का ताई?" मी म्हणाले, वाटतंय, फार वाटतंय. "मला पण वाटतंय," ती म्हणाली. "पण मला कुणी विचारलंय का? तुला तरी विचारलं होतं का? आणि मी नाही म्हणले तर काय तुला करून घेणार आहेत?" एक्स-रेचं ती लग्नानंतर बघू म्हणाली. तिचे दात इतके छान दिसत होते बोलताना की मला बघवेना. मला तिचा राग आला, आणि तिचा येऊ नये म्हणून माझा आला.

खरा घाला आईनं घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दवाखान्यात निघाले होते, ती उंबऱ्यात आडवी आली. "आत्ता नको काढू. लगीन होईस्तवर ऱ्हाऊ दे तारा." मला कळेचना. "थोरली असताना धाकटीचं कसं केलं म्हणून लोक इचारतील. काय सांगायचं? हिच्या तारा अजून हायत, डाक्टरनी हिचं थांबवलंय, म्हणता येतंय. काढल्यास तर मग काय सांगू मी लोकांस्नी?" चार वर्षं तारा आहेत म्हणून लग्न नव्हतं; आता लग्न नव्हतं म्हणून तारा हव्या होत्या. मी म्हणाले, आई, दात जातील माझे. ती माझ्या पायांशीच बसली, खाली, चपलांच्या ढिगात. "मैन्याभराचा परश्न हाय गं. कायतरी झाकाय पाहिजे की न्हाई?" आईला चपलांत बसलेली बघून मी बॅग खाली ठेवली. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या रागावल्या, म्हणाल्या निदान ओढणारी तार बदलून सैल टाकते, पण त्या हलणाऱ्या दातांवर चिकटवलेलं काहीही मला नको आहे, लवकर ये. मी लवकर गेले नाही. बस्ता झाला, पत्रिका झाल्या, आणि आई प्रत्येकाला माझा जबडा दाखवून सांगत होती, थोडंच राहिलंय. मी तोंड उघडायची. सवयच लागली होती. रोज सकाळी दात घासताना बोटानं चाचपून बघायची, अजून आहे, अजून आहे. आता शेजारचाही हलत होता.

हळदीच्या दिवशी सकाळी मी फुलं आणायला म्हणून बाहेर पडले आणि दवाखान्यात गेले. ठरवून गेले असं नाही. रिक्षावाल्यानं कुठं म्हणून विचारलं आणि तोंडातून तेच आलं. डॉक्टरबाईंनी दातांवर चिकटवलेला तारेचा एकेक खडा पक्कडीनं सोडवला, बारीक कट्कन आवाज होत होता, आणि प्रत्येक आवाजाला मी डोळे मिटत होते. दातांच्या मागून बारीक तार चिकटवली. आरसा दिला. दात थोडे पुढं, मधे फट, आणि ओठ इतके हलके की ते माझे वाटेनात. फुलं घेऊन मी कार्यालयात पोचले आणि दुपारभर तोंड मिटून राबले. कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या तोंडाकडं बघायची गरज फक्त कुणी विचारलं तरच असायची.

दोघांची हळद एकाच हॉलमध्ये होती. अंकिता आणि वीरधवल पाटांवर बसलेले, बायका पाच-पाच बोटं लावून जात होत्या. वीरधवल माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होता. मी ताट धरून उभी होते, आणि गावाकडची अंबूबाई, आज्जीची जाऊ, नव्वदीची, दोन बायकांच्या आधारानं पुढं आली. तिनं अंकिताच्या गालाला बोट लावलं, मग माझ्याकडं वळली. "काय गं थोरले, तुज्या तारा कवा निघायच्या?" आई कुठूनशी आलीच. "निघतील की, थोडंच ऱ्हायलंय. डाक्टरनीच थांबवलंय बघा, न्हाईतर आधी हिचंच—" मी ताट खाली ठेवलं. अंबूबाईच्या समोर वाकले आणि तोंड उघडलं, पूर्ण, दाढांपर्यंत. "निघाल्या की आज्जी. सकाळीच."

म्हातारीनं माझी हनुवटी हळदीच्या बोटांनी धरली, उजेडाकडं वळवली, नीट बघितलं. "बरं दिसतंय की," ती म्हणाली. मग तिनं पाटावरच्या अंकिताकडं बघितलं, वीरधवलकडं बघितलं, आत्तीकडं बघितलं. "मग हिला सोडून धाकटीला का हळद लावलीसा?"

आत्ती पाटाजवळची तांदळाची वाटी उगाच सरळ करत होती. आईनं पदर तोंडावर घेतला. अंकिता माझ्याकडं बघत होती, आणि मी काहीही बोलणार नव्हते. आता बोलायची पाळी माझी नव्हती. अंबूबाईला ऐकायला कमी येतं. एवढी माणसं उभी आहेत म्हणजे कुणीतरी उत्तर दिलं असणार, असं तिला वाटलं असावं. तिनं कानामागं हात धरला आणि सगळ्यांच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत म्हणाली, "आँ? मोठ्यानं सांगा की."